आवाज ओळखीचा नाही, म्हणून पक्षी नवा का?

पेरूमध्ये अँडीजच्या पूर्व उतारावर, २,९०० मीटर उंचीवर, बांबूच्या गचपणातून आलेला एक आवाज तुम्ही मुद्रित केलात. सोबतच्या वाटाड्याला तो ओळखता आला नाही आणि फोनमधल्या ॲपने भलतंच नाव सांगितलं. पक्षी दिसला तो जेमतेम दोन सेकंद. काळपट राखी, मुठीत मावेल एवढा, शेपटी उभारून उंदरासारखा जमिनीलगत पळाला. तुम्ही विचारलंय की ही नवी प्रजाती असू शकेल का, असली तर तिचं वर्णन करून नाव देण्याची रीत काय, आणि त्यासाठी पक्षी मारावाच लागतो का. मी गेली बावीस वर्षं कोलंबिया आणि पेरूमधल्या अशाच लपून राहणाऱ्या पक्ष्यांवर काम करते. नवं समजून हाती घेतलं आणि पुराव्याअंती सोडून दिलं, असंही माझ्या हातून बरंच झालंय. म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. शक्यता कमी आहे, पण शून्य नाही. दक्षिण अमेरिकेत साडेतीन हजारांच्या आसपास पक्षी प्रजाती आहेत आणि आजही जवळजवळ दरवर्षी त्यांत भर पडते. त्यातही तुम्ही सांगितलेला पक्षी ज्या गटातला वाटतो, तो गट या बाबतीत फार उदार आहे.

तो टॅपाक्युलो असावा, स्किटॅलोपस या जीनसमधला, म्हणजे जवळच्या नात्यातल्या प्रजातींच्या गटातला. यातले पक्षी एकाच साच्यातून काढल्यासारखे दिसतात. कुणी जरा जास्त काळा, कुणाच्या पोटाखाली तपकिरी पट्टे, कुणाच्या भुवईवर पांढरी रेघ, एवढाच काय तो फरक. संग्रहालयाच्या खणात शंभर नमुने ओळीने मांडले तरी डोळा थकतो आणि हाती काही लागत नाही. त्यामुळे विसाव्या शतकाच्या मध्यात यांच्या डझनभर प्रजातीही मानल्या जात नव्हत्या. आज चाळिसाहून जास्त मानतात. हा बदल घडवला आवाजाने. नील्स क्राबे आणि थॉमस शुलेनबर्ग यांनी १९९७ मध्ये अँडीजमधल्या ध्वनिमुद्रणांच्या आधारे हा गट नव्याने मांडला आणि तीन नव्या प्रजातींचं वर्णन केलं. त्यानंतर कोलंबियातल्या पेरिहा आणि तातामाच्या डोंगरांतून, ब्राझीलच्या बाहियातून एकेक नवा टॅपाक्युलो पुढे आला. २०२० मध्ये एकट्या पेरूमधून तीन आले.

आवाजाला एवढं वजन का, हे आपल्याकडच्या पक्षीनिरीक्षकाला पटकन पटत नाही, कारण आपला कान वेगळ्या पक्ष्यांवर घडलेला असतो. आपला दयाळ किंवा शामा गाणं शिकतो. बापाचं ऐकतो, शेजाऱ्याचं ऐकतो, मधेच दुसऱ्याच पक्ष्याची नक्कल करतो. त्यामुळे दोन गावांतल्या दयाळांचं गाणं वेगळं निघालं तर त्यावरून कुणी नवी प्रजाती ठरवणार नाही. टॅपाक्युलो, अँटपिटा, अँटबर्ड, दक्षिण अमेरिकेतले माशीमार हे सगळे मात्र सबऑसाइन नावाच्या शाखेतले. त्यांच्यातल्या बहुतेकांचं गाणं शिकलेलं नसतं, उपजत असतं. पिल्लाला जन्मापासून एकटं वाढवलं तरी ते मोठेपणी आपल्याच जातीचं गाणं म्हणतं, हे माशीमारांवरच्या प्रयोगांतून दिसलंय. बेलबर्डसारखे थोडे अपवाद आहेत, पण नियम हाच. म्हणजे गाण्यात सातत्याने फरक असेल तर तो रक्तातला फरक असण्याची शक्यता मोठी. सह्याद्रीत या शाखेचा एकच प्रतिनिधी येतो, आपला नवरंग. पहिल्या पावसाच्या आसपास त्याची ती दोन सुरांची शीळ कोकणात ऐका आणि विदर्भात ऐका, ती तीच असते. आता ती शीळ एखाद्या डोंगरापलीकडे तीन सुरांची झाली आणि तिथल्या प्रत्येक नवरंगाची तशीच निघाली, तर तुम्ही थबकाल. अँडीजमध्ये आम्ही असेच थबकतो.

पण तुमच्याकडे एक मुद्रण आहे, आणि एका मुद्रणावर थबकता येतं, पुढे जाता येत नाही. एकाच टॅपाक्युलोकडे गाणं असतं, साद असते, धोक्याची चिरचिर असते, जोडीने मिळून घातलेला गोंधळ असतो. मादीचा आवाज बऱ्याच प्रजातींत नीटसा नोंदलेलाही नाही. माझ्याकडे आलेल्या अनोळखी आवाजांपैकी बहुतेक नेहमीच्याच पक्ष्याचे क्वचित निघणारे आवाज ठरले. दोन तर बेडूक निघाले. म्हणून पहिलं काम म्हणजे त्या उतारावर, त्या उंचीवर नोंदलेल्या प्रत्येक टॅपाक्युलोचे सगळे आवाज गोळा करून तुमच्या मुद्रणाशी ताडून पाहणं. झेनो-कँटो हा खुला ध्वनिसंग्रह २००५ मध्ये सुरू झाला तो मुळात अमेरिका खंडांतल्या पक्ष्यांसाठीच. कॉर्नेल विद्यापीठाची मकॉले लायब्ररीही आहे. सोनोग्राम काढायचा, म्हणजे आवाजाचा आलेख. सुरांची संख्या, सेकंदाला किती सूर, पट्टी किती किलोहर्ट्झची, प्रत्येक सुराचा आकार चढता की उतरता, हे मोजायचं. मॉर्टन आयलर, फिलिस आयलर आणि ब्रेट व्हिटनी यांनी १९९८ मध्ये अँटबर्डसाठी एक पट्टी घालून दिली. एकाच भागात शेजारी नांदणाऱ्या, निर्विवाद वेगळ्या प्रजातींच्या आवाजांत किमान किती लक्षणांचा फरक असतो ते त्यांनी पाहिलं आणि उत्तर आलं तीन. तेव्हापासून डोंगराने किंवा नदीने वेगळ्या पडलेल्या दोन गटांना तीच कसोटी लावतात. मला ही पद्धत आवडते, कारण तिचं माप पक्ष्यांनीच दिलेलं आहे.

समजा, फरक टिकला. मग पाळी संग्रहालयाची, आणि माझ्या मते खरा शोध इथे लागतो. जंगलात नवा पक्षी दिसणं ही सुरुवात असते. कधी तर तीही नसते. कोलंबियातल्या अँटिओकिया ब्रशफिंचची गोष्ट पाहा. थॉमस डोनेगन यांना संग्रहालयांत ठेवलेल्या तीन कातड्या शेजारच्या कुठल्याच ब्रशफिंचशी जुळेनात. शेवटची १९७१ मधली होती. त्यांनी २००७ मध्ये ॲटलापेटीस ब्लांके असं नाव देऊन वर्णन छापलं, तेव्हा हा पक्षी जिवंत पाहिलेला एकही पक्षीनिरीक्षक ठाऊक नव्हता. कुणी म्हणालं नामशेष झाला, कुणी म्हणालं मुळात प्रजातीच नाही. जानेवारी २०१८ मध्ये मेडेयिनच्या उत्तरेला, सान पेद्रो दे लोस मिलाग्रोस या गावाजवळ रोडोल्फो कोर्रेआ पेन्या यांना तो झुडपात दिसला. तीन जुन्या कातड्यांवरच्या चिठ्ठ्या आणि त्यांच्याकडे पुन्हा नीट बघणारा एक माणूस एवढ्यावर तो पक्षी अकरा वर्षं तग धरून होता.

खण उघडल्यावर काय पाहायचं? आधी वय. अर्धवट पिसारा बदललेलं पिल्लू फार फसवतं. मग नर की मादी. मग नमुना किती जुना, कारण राखी पिसं खणात पडून पडून तांबूस होत जातात. १९१० चा राखी पक्षी आणि २०१० चा राखी पक्षी शेजारी ठेवले तर दोन प्रजाती वाटाव्यात. रंगाला तर प्रमाण लागतंच. ‘ऑलिव्ह तपकिरी’ म्हणजे तुमच्या डोळ्यांना काय आणि माझ्या काय? रॉबर्ट रिजवे यांनी १९१२ मध्ये १,११५ रंगांच्या ठोकळ्यांचं नावानिशी पुस्तक केलं ते त्याच गरजेपोटी, आणि जुनी वर्णनं वाचताना ते आजही हाताशी लागतं. मग पंख, शेपटी, चोच, पायाची नळी यांची मापं, आणि शक्यतो सगळी एकाच माणसाने एकाच कॅलिपरने घेतलेली. दोघांनी मोजलं तर फरक पक्ष्यांचा की हातांचा, ते कळत नाही.

याच टप्प्यावर माझ्या हातून झालेली एक मोठी चूक सांगते. कोलंबियाच्या पूर्व पर्वतरांगेत एक छोटा माशीमार आहे. माझ्याकडे रांगेच्या उत्तर टोकाचे अकरा नमुने होते आणि दक्षिण टोकाचे चौदा. उत्तरेचे फिकट आणि मोठे, दक्षिणेचे गडद आणि लहान, आणि मधे कुणीच नाही. दोन वर्षं मी त्यावर काम केलं, मसुदा तयार झाला, उपप्रजातीसाठी नावही मनात ठरलं होतं. तेवढ्यात मधल्या भागात काम करून आलेल्या एका सहकाऱ्याने नऊ कातड्या माझ्या टेबलावर आणून ठेवल्या. त्या नऊ पक्ष्यांनी उत्तर आणि दक्षिण जोडून टाकले. रंग हळूहळू गडद होत होता, आकार हळूहळू घटत होता, रेघ कुठेच ओढता येत नव्हती. माझी रेघ होती ती नमुने नसलेल्या चारशे किलोमीटरच्या पट्ट्यात. पक्ष्यांत नव्हती. तो मसुदा मी मागे घेतला. आजही कुणी दोन टोकांचे नमुने घेऊन आलं की मी आधी नकाशा मागते.

आता तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येते, पक्षी मारण्याच्या. यावर लोक चिडून बोलतात आणि ते मला समजतं. मी स्वतः पक्ष्यांवर जीव लावूनच या कामात आले.

नावाचे नियम आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण संहितेत आहेत. २००० सालापासून कुठल्याही नव्या प्रजातीचं किंवा उपप्रजातीचं नाव ग्राह्य धरायचं तर त्याला आधारभूत नमुना नेमून द्यावा लागतो. बहुधा तो एकच असतो, होलोटाइप, आणि तो कुठल्या संग्रहात आहे हेही लिहावं लागतं. नाव कायमचं त्या नमुन्याला बांधलेलं असतं. पुढे पन्नास वर्षांनी कुणी म्हणालं की तुम्ही एक समजलात ते मुळात दोन पक्षी आहेत, तर जुनं नाव दोघांपैकी कुणाचं, हे होलोटाइप काढून बघितल्यावरच ठरतं. तेव्हा तो हाताळता आला पाहिजे, त्याचा डीएनए तपासता आला पाहिजे, आणि आज आपल्याला सुचलेलंही नाही असं काही मोजता आलं पाहिजे. म्हणून पूर्ण नमुना. चांगल्या नमुन्याच्या चिठ्ठीवर तारीख, अक्षांश-रेखांश, उंची यांच्याबरोबर डोळ्याचा, चोचीचा, पायाचा जिवंतपणीचा रंग, वजन, प्रजननग्रंथींचा आकार, कवटी किती पक्की झाली, चरबी किती, पोटात काय सापडलं, हे सगळं लिहिलेलं असतं. सोबत ऊतींचा तुकडा द्रवरूप नायट्रोजनमध्ये जातो. छायाचित्रातून यातलं फारच थोडं मिळतं.

पण संहिता पक्षी मारा असं म्हणत नाही, आणि न मारता वर्णन झालेलंही आहे. याचं सगळ्यात जवळचं उदाहरण आपल्याच देशातलं, आणि त्याचा धागा पुण्याला जोडलेला आहे. तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रात काम करणारे खगोलशास्त्रज्ञ रमण आत्रेय यांना अरुणाचल प्रदेशातल्या ईगलनेस्टमध्ये १९९५ मध्ये एक अनोळखी पक्षी दिसला होता. २००६ मध्ये त्यांनी तो जाळ्यात पकडला, मापं आणि छायाचित्रं घेतली, जाळ्यात गळालेली पिसं ठेवून घेतली आणि पक्षी सोडून दिला. तोपर्यंत जेमतेम चौदा पक्षी पाहण्यात आले होते. त्यातला एक कमी करणं त्यांना योग्य वाटलं नाही. लिओसिक्ला बुगुनोरम हे नाव त्या पिसांवर आणि छायाचित्रांवर उभं आहे आणि ते सर्वमान्य झालं. त्या पक्ष्याचा पिसारा इतका वेगळा आहे की संशयाला जागाच नव्हती.

याच्या अगदी उलट झालं सोमालियात. तिथल्या एका खाटीक-सदृश पक्ष्याचं वर्णन १९९१ मध्ये पिसं आणि रक्त यांच्या जोरावर झालं, पक्षी सोडून दिला, आणि नावही त्या सुटकेवरूनच ठेवलं, लॅनियारियस लिबेराटस. २००८ मध्ये अधिक डीएनए तपासल्यावर कळलं की ती वेगळी प्रजाती नाही, आधीच माहीत असलेल्या पक्ष्याचं एक रंगरूप आहे.

दक्षिण अमेरिकेत हा वाद २०१० मध्ये टोकाला गेला. कोलंबियात उर्राओ गावाजवळच्या डोंगरात सापडलेल्या एका अँटपिटाचं वर्णन काही आठवड्यांच्या अंतराने दोनदा छापून आलं. पहिल्यात होलोटाइप म्हणून नेमलेला पक्षी पिसं घेऊन सोडलेला होता आणि नाव होतं ग्रॅलेरिया फेनविकोरम. दुसऱ्यात संग्रहालयात ठेवलेला पूर्ण नमुना होता आणि नाव होतं ग्रॅलेरिया उर्राओएन्सिस. आधी छापलेलं नाव श्रेष्ठ, हा संहितेचा मूळ नियम. पण पहिल्या नावाचा होलोटाइप नियमात बसतो का, यावर अभ्यासकांत दोन तट पडले. वेगवेगळ्या याद्यांनी वेगवेगळी नावं घेतली. एका छोट्या, धोक्यात असलेल्या पक्ष्याला दोन नावं घेऊन फिरावं लागलं, याचं मला तेव्हाही दुःख झालं होतं आणि आजही होतं.

माझं मत विचाराल तर असं. पक्षी दिसायला निर्विवाद वेगळा असेल आणि संख्या फार थोडी असेल, तर पिसं, रक्त, मापं, उत्तम छायाचित्रं आणि मुद्रणं यांवर थांबावं. टॅपाक्युलोसारख्या गटात, जिथे डोळ्याला फरक दिसतच नाही, तिथे पूर्ण नमुन्याशिवाय मी नाव देणार नाही. तेही रीतसर परवानगीने, लागतील तेवढेच घेऊन. पेरूमध्ये ही परवानगी सेर्फोर ही वनसंस्था देते, ब्राझीलमध्ये सिसबियो या यंत्रणेतून मिळते. आणि होलोटाइप त्या देशातल्याच संग्रहालयात राहिला पाहिजे. लिमा, बोगोटा, बेलेम, साओ पाउलो इथल्या संग्रहांत आज उत्तम माणसं काम करतायत. शंभर वर्षांपूर्वी सगळं न्यूयॉर्कला आणि लंडनला जायचं, आणि कोलंबियाच्या विद्यार्थ्याला आपल्याच डोंगरातला पक्षी बघायला समुद्र ओलांडावा लागायचा. ते पुन्हा व्हायला नको.

प्रजाती की उपप्रजाती, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण पुढे गेलात तर तो तुमच्यापुढे उभा राहणारच. उपप्रजातीसाठी जुना अंगठ्याचा नियम डीन अमाडॉन यांनी १९४९ मध्ये मांडला. एका गटातले निदान ७५ टक्के पक्षी दुसऱ्या गटातल्या जवळजवळ सर्व पक्ष्यांपासून वेगळे ओळखता आले पाहिजेत. प्रजातीसाठी याहून खूप जास्त लागतं, आणि नेमकं किती यावर एकमत कधीच नव्हतं. दोन्ही गट कुठे एकत्र येत असतील तर गोष्ट सोपी असते. संकर होतो का, किती होतो, ते पाहायचं. पण अँडीजमध्ये गट बहुधा वेगवेगळ्या माथ्यांवर असतात, मधे खोल कोरडी दरी असते, आणि त्यांची भेट कधी होतच नाही. तिथे आवाज, पिसारा, मापं, जनुकं हे सगळे साक्षीदार तपासून अंदाज करावा लागतो.

बरेच तरुण अभ्यासक उपप्रजातीला कमी लेखतात. मला ते अजिबात मान्य नाही. संहितेच्या दृष्टीने दोन्ही नावांचा दर्जा सारखा आहे. उपप्रजाती म्हणून दिलेलं नाव पुढे प्रजाती ठरलं तरी तेच राहतं, त्याच लेखकाचं, त्याच सालचं. रूफस अँटपिटा पाहा. व्हेनेझुएलापासून बोलिव्हियापर्यंतच्या ओल्या डोंगरी जंगलांत पसरलेला हा तांबूस, लांब पायांचा, जमिनीवर टुणटुण फिरणारा पक्षी बराच काळ एकच प्रजाती मानला जात होता. २०२० मध्ये आयलर, चेसर, रॉबिन्स, क्वेर्वो, कादेना आणि होसनर यांनी शेकडो मुद्रणं, कातड्या आणि डीएनए एकत्र मांडून दाखवलं की त्या गटात सोळा प्रजाती आहेत. त्यांतल्या सहा अगदी नव्याने वर्णिलेल्या, शिवाय एक नवी उपप्रजाती. उरलेल्यांपैकी काही नावं कुठून आली? पेरिहा डोंगरातल्या पक्ष्याला अलेक्झांडर वेटमोर यांनी १९४६ मध्ये साल्टुएन्सिस असं उपप्रजातीचं नाव देऊन ठेवलं होतं. बोलिव्हियातल्या पक्ष्याला कोचाबांबे हे नाव १९४० पासून होतं. त्या काळी ही नावं देणाऱ्यांच्या हातात ध्वनिमुद्रण नव्हतं, डीएनए नव्हता. पिसाऱ्यातला थोडासा फरक त्यांनी टिपला आणि इमानदारीने उपप्रजाती म्हणून छापला. सत्तर-ऐंशी वर्षांनी ती नावं प्रजाती म्हणून उभी राहिली. उपप्रजातीचं वर्णन नीट केलेलं असेल तर ते असं थांबून राहतं.

नव्या सहांपैकी कोलंबियातल्या एकाचं नाव ग्रॅलेरिया अल्वारेसी आहे, कोलंबियात पक्ष्यांच्या आवाजांचा संग्रह उभारणाऱ्या मौरिसियो अल्वारेस रेबोयेदो यांच्यावरून. आवाजाने उलगडलेल्या पक्ष्याला आवाज जमवणाऱ्याचं नाव, याहून योग्य काय असणार?

नावाचं लॅटिन व्याकरण थोडं सांगते, कारण लोक तिथे चुकतात. पुरुषाच्या नावावरून असेल तर शेवटी ई, स्त्रीच्या नावावरून असेल तर ए, अनेकांच्या किंवा समाजाच्या नावावरून ओरम. ब्लांके हे ब्लांका नावाच्या स्त्रीवरून, बुगुनोरम हे बुगुन लोकांवरून. ठिकाणावरून एन्सिस. विशेषण असेल तर जीनसच्या लिंगाशी जुळलं पाहिजे. माझा स्वतःचा ओढा ठिकाणाकडे किंवा तिथल्या लोकांकडे असतो. इक्वेडोरच्या दक्षिण भागात १९९७ मध्ये सापडलेल्या मोठ्या अँटपिटाचं शास्त्रीय नाव ग्रॅलेरिया रिजलीयी, पण सगळं जग त्याला ओळखतं होकोतोको म्हणून, त्याच्या घुमणाऱ्या आवाजावरून पडलेल्या नावाने.

लेख तयार झाला की तो तज्ज्ञांकडून तपासून छापला जातो. केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात निघणाऱ्या नियतकालिकात असेल तर झूबँक या प्राणिनामांच्या अधिकृत नोंदवहीत नोंदणी करून तो क्रमांक लेखातच द्यावा लागतो, ही २०१२ पासूनची अट आहे. छापून आलं म्हणजे मान्य झालं असं मात्र नाही. दक्षिण अमेरिकेच्या पक्ष्यांसाठी एक वर्गीकरण समिती आहे. तिच्यापुढे प्रस्ताव जातो, सभासद आपली कारणं लिहून मत देतात, दोन तृतीयांश मतं पडली तरच यादीत जागा मिळते. ही मतं कुणालाही वाचता येतात. तुम्ही दहा-बारा प्रस्ताव वाचून काढा. वर्णन कुठे कच्चं राहतं हे कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा तिथे लवकर कळतं. नमुने कमी, मुद्रणं एकाच खोऱ्यातली, मधला प्रदेश तपासलेला नाही, हेच आक्षेप पुन्हा पुन्हा येतात.

या सगळ्याला किती वेळ लागतो? डॅनियल लेन आणि गॅरी रोझनबर्ग यांना ऑक्टोबर २००० मध्ये पेरूच्या मानू रस्त्यावर एक पिवळाधमक पक्षी दिसला. डोळ्यावर काळी पट्टी, चोच गुलाबी. कुठल्याच पुस्तकात तसा पक्षी नव्हता. पुढे बोलिव्हियातल्या माचारियापो खोऱ्यात तो वीण करताना सापडला, नमुने मिळाले, डीएनए पाहिला. २०२१ मध्ये वर्णन छापलं तेव्हा त्याच्यासाठी नवा जीनस करावा लागला होता, हेलिओथ्रॉपिस. इंटी टॅनेजर हे त्याचं रोजचं नाव, केचुआ भाषेत इंटी म्हणजे सूर्य. पाहिल्यापासून नावापर्यंत एकवीस वर्षं, आणि तेही काळ्या पट्टीच्या पिवळ्या पक्ष्याला, जो कुणाच्याही नजरेत भरावा.

एवढा वेळ सगळ्यांकडे नसतो, आणि या कामातली मला सगळ्यात जास्त सलणारी गोष्ट हीच आहे. ब्राझीलच्या ईशान्येला मुरिसीच्या जंगलाचे उसाच्या शेतांनी वेढलेले तुकडे उरलेत. तिथला एक तपकिरी पक्षी कित्येक वर्षं त्याच जंगलातल्या आलागोआस फोलिएज-ग्लीनर या दुसऱ्या पक्ष्यात मिसळून गेला होता. हुआन मासार बार्नेट यांनी त्याचा आवाज वेगळा आहे हे ओळखलं. ते २०१२ मध्ये गेले. २०१४ मध्ये दान्ते बुझेत्ती यांच्याबरोबरचं त्यांचं वर्णन छापून आलं आणि पक्ष्याला त्यांचंच नाव मिळालं, सिक्लोकोलॅप्टीस मासारबार्नेटी. पण तो पक्षी २००७ नंतर कुणालाच दिसलेला नाही. नाव छापलं गेलं तेव्हा नावाचा धनी बहुधा उरलेला नव्हता. ज्या पक्ष्यात तो मिसळून गेला होता, तोही २०११ नंतर दिसलेला नाही.

याउलट होकोतोको सापडला तेव्हा मंडळी नावासाठी थांबली नाहीत. १९९८ मध्येच संस्था काढून त्याच्या जंगलाची जमीन विकत घ्यायला सुरुवात झाली, वर्णन १९९९ मध्ये आलं. आज तापिचलाकाच्या त्या राखीव जंगलात सकाळी गांडुळं घेऊन गेलं की तो वाटेवर येऊन उभा राहतो. मी तो तिथेच पाहिला. पावसात, माझ्यापासून चार हातांवर, गालावरची पांढरी खूण इतकी स्पष्ट की बोट लावावंसं वाटलं.

आता तुमच्या मुद्रणाचं. फाइल कापू नका, आवाज स्वच्छ करू नका, मूळ स्वरूपातच ठेवा. शेवटी तुमच्या आवाजात तारीख, वेळ, उंची, जागा, झाडोरा कसा होता, पक्षी एकटा होता की दोन, आणि तुम्ही प्लेबॅक, म्हणजे पक्ष्याला ऐकवायला मुद्रित आवाज, वाजवला होता का, हे बोलून जोडा. प्लेबॅकनंतरचा आवाज आणि आपणहून काढलेला आवाज यांत फार फरक असतो. तीच फाइल झेनो-कँटोवर अनोळखी म्हणून टाका. तिथे असे आवाज सोडवणारी माणसं आहेत, आणि तुमचं मुद्रण उद्या दुसऱ्या कुणाच्या वर्णनात पुरावा म्हणूनही लागू शकेल. मनात लॅटिन नाव आलं असेल तर ते कुठेही लिहू नका. वर्णनाशिवाय फिरणारं नाव पुढच्या माणसाला फार त्रास देतं. शक्य असेल तर त्या वाटाड्याला विचारा की हा आवाज त्याने पूर्वी कधी, कोणत्या महिन्यात ऐकलाय. त्याला पक्षी ओळखता आला नाही म्हणजे त्याने तो ऐकलेला नाही असं नसतं. मीच किती वेळा हा प्रश्न उशिरा विचारला आहे.

फाइल मलाही पाठवा. २,९०० मीटरवर बांबूत त्या उतारावर दोन टॅपाक्युलो अपेक्षित आहेत, आणि दोन्हींची गाणी माझ्याकडे आहेत. तुमचा आवाज सेकंदाला किती सुरांचा आहे तेवढं जरी कळवलंत, तरी दोघांपैकी एकाला लगेच बाजूला काढता येईल.